स्वस्त मजुरीचे कोडे

निजामपुऱ्यातील यंत्रमागांचा खडखडाट मंदावला, की भिवंडीत एक कारण हमखास ऐकू येते : बांगलादेशात मजुरी स्वस्त, म्हणून तेथील तयार कपडा स्वस्त. हे कारण खरे आहे, पण अर्धेच.

बांगलादेश सरकारने डिसेंबर २०२३ पासून कपडे शिवणाऱ्या कामगारांचे किमान मासिक वेतन १२,५०० टका केले. त्या वेळच्या विनिमयदराने ते सुमारे ११३ डॉलर, म्हणजे साधारण ९,४०० रुपये. महागाई ९ टक्क्यांवर गेलेली असताना कामगार संघटनांनी २३,००० टका मागितले होते. भिवंडीच्या मागावर असा ठरलेला मासिक पगार सहसा नसतोच. पाळी बारा तासांची आणि मजुरी मीटरवर. वीज गेली किंवा मंदीत मालकाने माग थांबवला, की मीटर घटतात आणि मजुरीही घटते. त्यामुळे ढाक्याचा टका रुपयात मोजून दोन आकडे शेजारी मांडणे फसवे ठरते. तो टका तेथे किती तांदूळ आणतो आणि खोलीचे भाडे व भिशीचे पैसे चुकते केल्यावर निजामपुऱ्यातील कामगार गावी किती धाडू शकतो, हे पाहिले पाहिजे. (यंत्रमाग कामगारांच्या खानावळीला येथे भिशी म्हणतात, बचतीच्या भिशीशी तिचा संबंध नाही.)

मूळ फरक मात्र कामाच्या स्वरूपात आहे. साध्या मागाचा धोटा मिनिटाला सव्वाशे-दीडशे फेऱ्या मारतो. धोटाविरहित एअरजेट माग सहाशेहून अधिक वेळा बाणा टाकतो. कोऱ्या कापडाच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा सुताचा, मजुरीचा त्यामानाने लहान. मजुरी आणखी दाबली तरी मीटरमागे थोडेच पैसे वाचतात. कामगार मात्र माग सोडून जातो. शिवणकाम वेगळे. मऊ, सरकते कापड धरायला अजून माणसाचाच हात लागतो. तेथे वेतनातील फरक थेट शर्टाच्या किमतीत उतरतो.

बांगलादेशाने नेमके हेच काम धरले. २००१ पासून युरोपीय संघात शुल्कमुक्त प्रवेश होताच. १ जानेवारी २००५ रोजी जागतिक कोटापद्धती संपल्यावरही त्याची निर्यात वाढत राहिली आणि २०११ मध्ये भारतानेही आपले दार उघडले. सुमारे ४० लाख कामगार, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, या उद्योगावर जगतात. त्याची किंमतही त्यांनीच मोजली : २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे दगावली. गंमत अशी, की तेथील कारखान्यांत भारतीय सूतही मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. तेच पुढे शर्ट होऊन परत येऊ शकते.

स्वस्त प्रतिस्पर्धी म्हणून बोट दाखवले जाण्याची पाळी एकेकाळी भिवंडीचीच होती. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी संप सुरू झाला आणि तेथील बरेचसे विणकाम इकडच्या मागांवर आले. संघटित गिरणी कामगाराची नोकरी गेली; तिच्या जागी आलेल्या कामाला मात्र ना कायमपण होते, ना निवृत्तिवेतन.

मे २०२५ मध्ये भारताने बांगलादेशी तयार कपड्यांना भूमार्ग बंद करून केवळ न्हावाशेवा व कोलकाता ही बंदरे खुली ठेवली. आयातीचा खर्च त्याने वाढतो, मागाचा वेग वाढत नाही. भिवंडीच्या कोऱ्या कापडाचा मोठा हिस्सा आजही पुढील प्रक्रियेसाठी आणि शिलाईसाठी बाहेर जातो आणि ज्या टप्प्यावर सर्वाधिक हात लागतात, तो टप्पाही त्याच्याबरोबर बाहेर जातो.