स्नेअर विकत घेण्याआधी चावी फिरवून बघा

रॉकसाठी खोल स्टीलचा, जॅझसाठी मेपलचा, फंकसाठी उथळ पिकोलो, असं कोष्टक स्नेअर ड्रम घ्यायला निघालेल्या नवशिक्याला हमखास ऐकवलं जातं. ते खोटं नाही, पण त्यात महत्त्वाचा क्रम उलटा लागतो. स्नेअरचा आवाज आधी ठरतो तो पानाच्या जाडीवर आणि ताणावर, खालच्या पानाला टेकलेल्या तारांच्या घट्ट-सैलपणावर आणि काठी नेमकी कुठे पडते यावर. शेल, म्हणजे ड्रमचं गोल अंग, लाकडाचं की धातूचं, हा प्रश्न त्यानंतरचा. लडविग कंपनीचा सुप्राफोनिक घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या शेलवर क्रोमचा मुलामा असलेला हा ड्रम १९६०च्या दशकापासून जॅझ, पॉप, रॉक अशा सगळ्या प्रकारच्या ध्वनिमुद्रणांत वाजत आला. लेड झेपेलिनमधला जॉन बॉनमचा दणका याच घराण्यातल्या साडेसहा इंच खोलीच्या ड्रमचा. शैलीगणिक शेल बदलणं अनिवार्य असतं, तर एकच शेल इतक्या घरी नांदलं नसतं.

वरचं पान ताणलं की आवाज उंच आणि कोरडा होतो, सैल सोडलं की जाड आणि ठसठशीत. खालचं पान मात्र कागदाहूनही पातळ असतं. तारा त्यालाच टेकून थरथरतात, त्यामुळे ते सैल राहिलं तर हलक्या हाताचे घोस्ट नोट गिळले जातात. बहुतेकांची तक्रार इथेच असते, आणि ते दोष शेलला देतात! चावीने समोरासमोरचे स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळावेत, प्रत्येक स्क्रूपाशी कडेपासून इंचभर आत टिचकी मारून सूर जुळतो का ते ऐकावं. तारा फार आवळल्या की त्यांची सळसळच गुदमरते.

मग कंपन्या इतके प्रकार काढतात कशाला? कारण फरक खरा आहे. धातूचा ड्रम साधारणपणे अधिक झणझणीत वाजतो आणि गिटारच्या गदारोळातून वर येतो; खोल शेलला भरदारपणा असतो. पाइप बँडमध्ये तर निवडीला वावच नाही. तिथल्या केवलारच्या पानांचा प्रचंड ताण साध्या शेलला झेपत नाही. पण ही टोकाची उदाहरणं झाली. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात एकाच रात्री भावगीत, लावणी आणि सिनेमातलं नाचाचं गाणं वाजतं. दर गाण्याला कोण ड्रम बदलणार? अशा वादकाने १४ इंच व्यासाचा, साडेपाच ते साडेसहा इंच खोलीचा, काठ नीट तासलेला, स्क्रू सहज फिरणारा एक ड्रम घ्यावा. उरलेल्या पैशांत दोन जातींची पानं आणि तारांचा एक चांगला संच येईल. दुसऱ्या ड्रमचा विचार, पहिल्याचा ताण दोन्ही टोकांना नेऊनही हवा तो आवाज मिळाला नाही तरच.