किण्वनगृहातील वायुमिश्रण आणि संगणकीय द्रायुगतिकी

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुका द्राक्षबागांसाठी प्रसिद्ध आहे. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाविषयीचे धोरण जाहीर केल्यानंतर नाशिक जिल्ह्यात वाइननिर्मितीस चालना मिळाली. द्राक्षांची तोडणी होऊन किण्वनास आरंभ झाला की किण्वनगृहाच्या हवेत कार्बन डायऑक्साइड वायू मिसळू लागतो. हा वायू कोठे व किती साठेल, या प्रश्नाशी तेथे काम करणाऱ्यांच्या जीविताचा संबंध आहे. परस्परांशी रासायनिक अभिक्रिया न करणाऱ्या वायूंच्या मिश्रणाचे गणित कसे मांडावे, हे समजण्यास हे उदाहरण उपयुक्त आहे.

एक लिटर रसात २०० ग्रॅम शर्करा असल्यास तिच्या पूर्ण किण्वनातून सुमारे ९८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. २५ अंश सेल्सिअस तापमानास व समुद्रसपाटीवरील दाबास त्याचे आकारमान सुमारे ५४ लिटर भरते. अर्थात् १०,००० लिटरांच्या टाकीतून ५०० घनमीटरांहून अधिक वायू बाहेर पडतो. अभिक्रिया घडते ती रसात. बाहेर आल्यावर हा वायू हवेशी केवळ मिसळतो. म्हणून प्रतिमानात अभिक्रियेचे पद नसते. टाकीच्या तोंडाशी वायूच्या आगमनाचा वेग ही सीमा-अट तेवढी द्यावी लागते.

मिश्रणाचे घटकप्रमाण सर्वत्र सारखे असेल, तर ते एकच वायू आहे असे समजून चालते. हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचे परस्परप्रमाण येथे बदलत नाही. म्हणून हवा हा एक घटक मानता येतो. कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण मात्र स्थळाप्रमाणे व काळाप्रमाणे बदलते. त्याच्या वस्तुमान-अंशासाठी स्वतंत्र समीकरण सोडवावे लागते. त्यात प्रवाहाबरोबर होणारे वहन आणि फिक यांनी १८५५ साली मांडलेल्या नियमानुसार होणारे विसरण, अशी दोन पदे येतात. सर्व अंशांची बेरीज एक असल्यामुळे हवेचा अंश वजाबाकीने मिळतो. विपुल असलेला घटक असा वजाबाकीसाठी राखून ठेवणे इष्ट, कारण आकडेमोडीतील चूक मग मोठ्या राशीवर पडते. घनता आदर्श वायूच्या समीकरणावरून, मिश्रणाचे सरासरी रेणुभार घेऊन काढतात. दिंडोरी पठारावर असल्याने या समीकरणात स्थानिक वायुदाबच घ्यावयास हवा.

हवेतील कार्बन डायऑक्साइडचा विसरण-गुणांक दर सेकंदास सुमारे ०.१६ चौरस सेंटिमीटर आहे. केवळ विसरणाने तीन मीटर अंतर व्यापण्यास सहा-सात दिवस लागतील. यावरून मिश्रणाचे खरे कार्य हवेचे प्रवाह करतात, हे उघड आहे. संक्षुब्ध प्रवाहातील विसरण-गुणांक हा संक्षुब्ध श्यानतेस श्मिट-अंकाने भागून घेण्याची पद्धत आहे. या अंकाचे प्रचलित मूल्य ०.७ च्या आसपास असले, तरी ते गृहीतक होय. जड थर खाली व हलका थर वर असता संक्षोभ दबतो. म्हणून निरनिराळी मूल्ये घेऊन निष्कर्ष किती पालटतो, हे तपासणे अगत्याचे आहे.

जड वायू तळाशी बसतो, ही समजूत अंशतःच खरी आहे. शुद्ध कार्बन डायऑक्साइड समान तापमानाच्या हवेच्या १.५२ पट जड असतो. टाकीच्या तोंडाशी तो पाण्यासारखा खाली ओघळतो. घनतेतील फरक अल्प मानणारे बूसिनेस्क यांचे सुलभीकरण तेथे लागू पडत नाही. परंतु आकारमानाने ४ टक्के वायू असलेले मिश्रण शुद्ध हवेपेक्षा जेमतेम २ टक्के जड असते. २५ अंशांवरील असे मिश्रण आणि १९ अंशांवरील शुद्ध हवा यांची घनता जवळजवळ सारखीच भरते. म्हणजेच सहा अंशांचा तापमानभेद हा जडपणा पुसून टाकू शकतो. थंड केलेल्या टाक्या व उन्हाने तापलेले छप्पर असलेल्या दालनात उष्णतेचे समीकरण वगळून काढलेले उत्तर त्यामुळे विश्वसनीय नसते. शिवाय एकदा पूर्ण मिसळलेला वायू खोलीच्या उंचीत केवळ वजनामुळे पुन्हा वेगळा होत नाही.

उत्तराचा अर्थ लावतानाही सावधगिरी हवी. समीकरण वस्तुमान-अंश देते, तर मापकयंत्र आकारमानाचे प्रमाण दाखविते; आकारमानाने ४ टक्के म्हणजे वस्तुमानाने जवळजवळ ६ टक्के होत. आकारमानाने ४ टक्के ही पातळी जीवितास तत्काळ धोकादायक मानली जाते. आठ तासांच्या कामासाठी सरासरी मर्यादा ०.५ टक्के आहे. विशेष म्हणजे ४ टक्क्यांच्या वेळी ऑक्सिजनचे प्रमाण २०.९ वरून केवळ २०.१ टक्क्यांवर येते. १९.५ टक्क्यांना इशारा देणारे ऑक्सिजन-मापक अशा वेळी मूकच राहील. म्हणून कार्बन डायऑक्साइडचेच मापन, तेही निरनिराळ्या उंचींवर, करावयास हवे आणि प्रतिमानाचे उत्तर त्याच्याशी ताडून पाहावयास हवे. अभिक्रिया नाही म्हणून प्रश्न सोपा आहे, असा निष्कर्ष काढणे युक्त नव्हे. घटकप्रमाण, तापमान व घनता यांचा परस्परसंबंध जपला गेला, तरच वायुवीजनाची योजना अशा गणितावर भरवसा ठेवून आखता येते.