कांचतंतूंतील नवे सोबती

ज्या जोतीराव फुल्यांनीं बांधणीच्या खर्चाला विरोध केला, त्यांचेंच नांव आज पुण्याच्या मंडईस आहे. तेथें आतां मेथीच्या जुडीचे पैसे फोनवरून चुकते होतात आणि ती वर्दी बहुतेक वाट केसाएवढ्या कांचतंतूंतून, प्रकाशाच्या रूपानें, चालते. हे तंतु आमच्या वाळूजेसही ओढले जातात. कांचेचा जाड दांडा सुमारें २००० अंशांवर मऊ करून खालून ओढीत नेतात. एकतारी पाकच म्हणा ना! दांड्यांतील रचना तंतूंत तशीच, पण बारीक होऊन उतरते.

मग दांड्यांतच धातु व अर्धवाहक कां घालूं नयेत? अडचण स्वयंपाकघरांतलीच आहे. तांदूळ नि हरभरे एकत्र शिजत लावले, तर भाताची पेज होते व हरभरे कच्चे राहतात. अमेरिकेंतील एम. आय. टी. मध्यें योएल फिंक यांच्या मंडळींनीं म्हणून नेहमींची कांचच सोडली. कमी उष्णतेवर एकदमच मऊ होणारें प्लॅस्टिक, कथिल आणि सेलेनियमयुक्त कांच त्यांनीं एकत्र ओढली. २००४ सालीं प्रसिद्ध झालेला तो तंतु अंगावर पडलेला प्रकाश स्वतःच ओळखतो. पेनसिल्व्हानियांतील जॉन बॅडिंग यांची युक्ति उलट: तंतु आधीं ओढावा, मग त्याच्या सूक्ष्म छिद्रांत प्रचंड दाबानें वायु कोंडून आंत जर्मेनियमचा थर बसवावा.

आम्हांस मात्र सर्वांत मोलाचा वाटतो तो २००२ सालचा पोकळ तंतु. कार्बन डायऑक्साइड लेसरचा किरण मांसांतील पाण्यांत शोषला जातो, म्हणून तो नेमकें कापतो. पण साधी कांचही त्यास गिळून टाकते. त्यामुळें शस्त्रवैद्यांस तो आरशांच्या अवजड बाहूंतून, सरळ रेषेंतच, न्यावा लागे. या पोकळीस प्लॅस्टिक व सेलेनियमी कांच यांच्या आळीपाळीच्या थरांचा आरसा आंतून लाविला आहे. किरण वळत वळत घशांतील गांठीपर्यंत पोंचतो. तंबाखूनें ज्या घरांतील कर्त्या पुरुषाचा आवाज धोक्यांत आला, तेथें या वांकण्याची किंमत कळेल. (त्या कांचेंत सोमलांतील मूलद्रव्य असतें, हें वाचून वैद्यमंडळी दचकतील, परंतु तें प्लॅस्टिकच्या आंत बंदिस्त असतें.)

या कामांत आपण केवळ गिऱ्हाईक कां राहावें, हें आम्हांस उमगत नाहीं. कांच ओढण्याचें कसब वाळूजेस आहे, प्लॅस्टिकांची विद्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत आहे, आणि मधला प्रवास मोटारीनें पांच-सहा तासांचा आहे.