एस्बियर्गचा धक्का

पवनचक्कीचं पातं घेऊन साताऱ्याकडे निघालेला लांबलचक ट्रेलर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याची अडचण वेगळी सांगायला नको. घाटातलं वळण जेवढं, तेवढंच पातं लांब. समुद्रातल्या पवनचक्क्यांची पाती आता शंभर मीटरांच्या पुढे गेली आहेत. ती रस्त्याने नेणं जवळजवळ अशक्यच. म्हणून कारखाना, जुळणी, साठवण असं सगळं धक्क्यापाशी येतं आणि बंदराला आपला धंदाच नव्याने मांडावा लागतो.

डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एस्बियर्गने तो अनेकदा मांडला आहे. १८६४ च्या युद्धात श्लेस्विग-होल्स्टाइन गेलं, तेव्हा उत्तर समुद्राकडे माल पाठवायला देशाला नवी वाट हवी होती. १८६८ मध्ये कायदा करून हे बंदर बांधायला घेतलं. आधी इंग्लंडला शेतमाल गेला, मग मासेमारीचा मोठा ताफा आला, पुढे समुद्रातल्या तेल-वायूची कामं आली. २००२ मध्ये जवळच्या हॉर्न्स रेव्ह इथे ८० टर्बाइन उभी राहिली, प्रत्येकी २ मेगावॉटची. दोनच वर्षांत बिघाडांमुळे त्या सगळ्यांची माथ्यावरची यंत्रघरं उतरवून दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर आणावी लागली. या व्यवसायात माल परतही येतो, हे तेव्हाच कळलं.

बंदराचा जुना हिशेब टनांचा. पातं मात्र पोकळ असतं: वजन थोडं, जागा अफाट. टनामागे दर लावला तर बंदर तोट्यात जाईल. इथे विकायची ती जमीन आणि दिवस. जमीनही साधी चालत नाही. शेकडो टनांचं यंत्रघर थोड्याशा जागेवर टेकतं, मनोरे धक्क्यावरच उभे जोडले जातात. ते उभेच जहाजावर चढतात, म्हणून बंदराच्या तोंडावर पूल नको. उभारणीचं जहाज समुद्रतळावर पाय रोवून स्वतःला पाण्याबाहेर उचलतं. धक्क्यालगत ते तसं उभं राहणार असेल, तर तिथला तळही तेवढा भक्कम हवा. वारा पडला, लाटा शमल्या की निघायचं, म्हणून पुढचा संच आधीच तयार ठेवावा लागतो.

खरी गोम पुढे आहे. उभारणी दोन-तीन हंगामांत संपते, आणि दुसरा प्रकल्प हाती नसेल तर तेवढी जमीन रिकामी पडते. देखभाल मात्र पंचवीस-तीस वर्षं चालते. इंग्लंडच्या ग्रिम्सबीचा खोल समुद्रातला मासेमारीचा धंदा १९७६ मध्ये आइसलँडशी झालेल्या तंट्यानंतर कोसळला. आज त्याच बंदरातून समुद्रातल्या हॉर्नसी पवनऊर्जा प्रकल्पांची देखभाल चालते. टर्बाइन किनाऱ्यापासून इतकी दूर आहेत की रोज ये-जा परवडत नाही. तंत्रज्ञ जहाजावरच मुक्काम करतात. माझ्या मते छोट्या बंदरांसाठी खरा रोजगार या देखभालीतच आहे, अवाढव्य धक्क्यांत नाही.

भारत सरकारने जून २०२४ मध्ये समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. त्यात गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांजवळ प्रत्येकी ५०० मेगावॉट आणि दोन बंदरांच्या सुधारणेसाठी ६०० कोटी आहेत. गुजरातेतल्या प्रकल्पाची जागा पिपावावच्या समोरच्या समुद्रात ठरली आहे. पिपावावच्या शेजारीच जाफराबाद आहे, आपल्या कोळ्यांसारखंच डोल जाळी लावून बोंबील धरणाऱ्यांचं बंदर. ग्रिम्सबीला बोटी थंडावल्यावर जे सुचलं, ते इथे बोटी चालू असतानाच करायला हवं. कुठे डोल लागते, कुठून बोटी जातात, हे टर्बाइनांच्या जागा ठरण्यापूर्वी त्या मच्छीमारांना विचारावं आणि देखभालीच्या बोटींवरच्या नोकऱ्या त्यांच्या मुलांसाठी पहिल्या करारातच लिहून घ्याव्यात.