डंख नसलेली गांधीलमाशी
(वेषांतर : लेखांक ७)

काडीसारखे आणि पानासारखे दिसणारे कीटक आपण मागच्या दोन लेखांत पाहिले. त्यांची सगळी धडपड नजरेआड राहण्याची. आजचा कीटक नेमका उलट वागतो. तो भर उन्हात, उघड्या फुलावर, पिवळे-काळे पट्टे मिरवत बसतो. पक्ष्यांना आपण ठळक दिसावं, यातच त्याचं हित असतं.

हिवाळ्यात फुलावर आलेल्या मोहरीच्या किंवा कोथिंबिरीच्या वाफ्याशी थोडा वेळ उभे राहा. हवेत एकाच जागी थांबलेली, मग झटकन बाजूला सरकून पुन्हा थांबणारी सडपातळ पट्टेरी माशी दिसेल. शेतीच्या पुस्तिकांत हिला सिरफिड माशी म्हणतात. रंग पाहून आपण हात मागे घेतो, पण ती फुलावर बसली की निवांत निरखा. गांधीलमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, हिला एकच. दुसऱ्या जोडीच्या जागी टाचणीसारखे दोन बारीक दांडे उरलेत, ते उडताना तोल सांभाळतात. गांधीलमाशीच्या मिशा लांब आणि वाकलेल्या. हिच्या इतक्या आखूड की शोधाव्या लागतात. डोळे मात्र जवळजवळ अख्खं डोकं व्यापणारे. आणि डंख मुळीच नाही.

निरुपद्रवी जीवाने त्रासदायक जीवाचं रूप घेण्याला बेट्सचं अनुकरण म्हणतात. हेन्री वॉल्टर बेट्स १८४८ ते १८५९ अशी अकरा वर्षं अॅमेझॉनच्या जंगलात होता. तिथल्या फुलपाखरांवरून त्याने १८६२ साली ही कल्पना मांडली. पक्षी एकदा गांधीलमाशीचा प्रसाद खातो आणि पिवळा-काळा पट्टा लक्षात ठेवतो. त्या धड्याचा फायदा सिरफिड माशीला फुकट मिळतो.

काही जाती या सोंगात फार पुढे गेल्या आहेत. उत्तर अमेरिकेतली स्पायलोमायिया लाँगिकॉर्निस घ्या. मिशा आखूड, ही तिच्या कुळाचीच अडचण. मग ती आपले काळपट पुढचे पाय डोक्यासमोर धरून हलवत राहते, आणि समोरच्याला लांब मिशा असल्याचा भास होतो. सेरिआना वंशातल्या माश्यांची कंबरसुद्धा गांधीलमाशीसारखी बारीक असते. हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं : रंग उचलणं वेगळं आणि शरीराची ठेवण, हालचालीची लकब उचलणं वेगळं.

मग बाकीच्या जाती अर्ध्याकच्च्या सोंगावर का थांबल्या? आपल्याकडच्या बऱ्याच सिरफिड माश्या नीट पाहिल्यावर कोणालाही ओळखता येतात. एक उत्तर असं की, ही परीक्षा माणसाच्या डोळ्यांची नाहीच. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कबुतरांना गांधीलमाशीची चित्रं ओळखायला शिकवलं होतं. आपल्याला सुमार वाटणारी काही सोंगंही त्यांनी गांधीलमाशीच्याच जवळची ठरवली. दुसरं उत्तर २०१२ मधल्या, ३८ जातींच्या अभ्यासातून आलं. मोठ्या आकाराच्या जातींचं सोंग जास्त हुबेहूब निघालं. मोठी माशी म्हणजे पक्ष्याला चांगला घास, तिच्यासाठी तो डंखाचा धोका पत्करून बघेल. चिमुकल्या माशीसाठी कोण जीव धोक्यात घालतो? तिथे ढोबळ पट्टेही पुरतात. मला हे दुसरं उत्तर अधिक पटतं, कारण त्यात पक्ष्याच्या पोटाचाही हिशेब आहे.

या माशीच्या अळीच्या अंगावर मात्र असलं काही सोंग नसतं. माशी मावा पडलेल्या शेंड्यावर एकेक पांढरं, लांबट अंडं घालते. त्यातून निघालेल्या अळीला ना पाय, ना डोळे. अंगाचा पुढचा भाग उचलून ती इकडेतिकडे चाचपते, मावा तोंडाला लागला की त्याला वर उचलून धरते, आतला रस शोषते आणि रिकामं कातडं टाकून पुढे सरकते. वाढ पूर्ण होईपर्यंत अशी एक अळी शेकडो मावे संपवते. करडईवर, मोहरीवर, कोबीवर हे दृश्य बघायला मिळतं. दुर्दैव असं की हिरवट, चिकट अळी दिसली की ती किडीचीच समजून पंप पाठीवर घेतला जातो आणि माव्याबरोबर तीही मरते. पंप उचलण्याआधी शेंडा उलटून पाहा. पानं कुरतडणारी अळी पायांवर चालते आणि तिचं डोकं वेगळं दिसतं. हिचं तोंडाकडचं टोक निमुळतं असतं आणि आजूबाजूला माव्याची सुकलेली कातडी पडलेली असतात.

पुढच्या आठवड्यात : मुंग्यांच्या वेषात वावरणारे कोळी.