शाळेच्या संगणकाची दारं कोणी सांभाळायची?



काही शाळांत उबुंटूचा एक संगणक सर्व्हर म्हणून ठेवतात. त्यावरचे स्वाध्याय मुलं वाय-फायने टॅबवर उघडतात. सोय छानच! पण तो संगणक मुलांच्या टॅबला उत्तर देतो, तसा त्या वाय-फायवरच्या कुणालाही देतो. आणि मुलांच्या माहितीच्या फाइलीही पुष्कळदा त्यातच असतात.

पोर्ट म्हणजे वाड्याची दारं समजा. वेबसाइटचं दार 80, सुरक्षित वेबसाइटचं 443, दुरून संगणक चालवण्याचं (एसएसएच) 22. असे क्रमांक 65,535 पर्यंत जातात. दारामागे प्रोग्रॅम बसलेला नसेल तर कितीही ठोठावा, कोणी आत घेत नाही. कुठे कोण बसलंय ते 'सुडो एसएस -टीएलएनपी' दाखवतं.

दारावरचा राखणदार म्हणजे यूएफडब्ल्यू. उबुंटूत तो 2008 पासून आहे, पण आपण सांगेपर्यंत झोपलेला असतो. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा.)

आधी सगळ्यांना मनाई: 'सुडो यूएफडब्ल्यू डीफॉल्ट डिनाय इनकमिंग'. याने तुमचं इंटरनेट बंद पडत नाही हं! आपण बाहेर विचारलेल्याचं उत्तर आत येतंच. अडतो तो न बोलावता आलेला.

मग फक्त शाळेच्या नेटवर्कला वेबसाइटचं दार उघडा: 'सुडो यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम 192.168.1.0/24 टू एनी पोर्ट 80 प्रोटो टीसीपी'. तुमच्या राउटरचे आकडे वेगळे असतील तर तेच घाला.

आता नीट लक्ष द्या. तुम्ही घरून एसएसएचने हे करत असाल, तर राखणदाराला उठवण्याआधी 22 ला परवानगी द्याच. नाहीतर पुन्हा जोडायला गेलात की दार बंद, आणि शाळेत जाऊन त्या संगणकासमोर बसावं लागेल. यासाठी 'अलाउ'पेक्षा 'सुडो यूएफडब्ल्यू लिमिट 22/टीसीपी' मला बरं वाटतं. एकाच पत्त्यावरून 30 सेकंदांत सहा किंवा जास्त वेळा ठोठावलं की तो त्याला अडवतो. पासवर्ड ओळखत बसणाऱ्या प्रोग्रॅमची त्यामुळे पंचाईत होते. त्यानंतर 'सुडो यूएफडब्ल्यू एनेबल'.

पालक विचारतात, "मग मुलांना वाईट साइट दिसणार नाहीत ना?" नाही हो, ते काम याचं नाही. हा आत येणाऱ्यांना अडवतो. मुलं बाहेर काय बघतात ते हा पाहत नाही.

नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळला की तिथेच निकाल लागतो. क्रमांकांसह यादी 'सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस नंबर्ड'ने मिळते. 'सुडो यूएफडब्ल्यू डिलीट 2' म्हटलं की दुसरा नियम जातो आणि खालचे क्रमांक एकेक वर सरकतात. म्हणून पुढचा पुसण्याआधी यादी पुन्हा बघा.