उत्तरेची बाजू

आमच्या यावलला व्यासांचं मंदिर आहे. गुरुपौर्णिमेला सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीकाठापर्यंतची माणसं तिथे दर्शनाला लोटतात. व्यास म्हटलं की कुणाला गीता आठवते, कुणाला कर्ण. मला अभिमन्यू आठवतो. तरुणपण, कीर्ती आणि अवेळी मरण यांची गाठ व्यासांनी त्याच्या कथेत जशी घातली, तशी फार थोड्यांना जमली आहे.

आदिपर्व सांगतं की अभिमन्यू हा चंद्राचा मुलगा वर्चा. पोराला पृथ्वीवर धाडायला बापाचा जीव होईना. अखेर फक्त सोळा वर्षांच्या बोलीवर त्याने धाडलं. ग्रीकांच्या अकिलीसपुढेही असाच सौदा होता: घरी परतून दीर्घ, निनावी आयुष्य, नाहीतर थोडकं आयुष्य आणि अमर नाव. 1896 साली इंग्रज कवी हाउसमनने तरुण धावपटूच्या अंत्ययात्रेवर कविता लिहिली. नाव विसरलं जाण्याआधीच गेलास, शहाणा ठरलास, असं तो त्या पोराला सांगतो. कविता देखणी आहे. पण तीत त्या पोराची आई कुठे दिसत नाही.

व्यासांना उत्तरा दिसते. स्त्रीपर्वात गांधारी रणभूमीवरचं दृश्य कृष्णाला सांगते: उत्तरा नवऱ्याचं सोन्याने मढवलेलं चिलखत बाजूला करते, रक्ताने माखलेलं अंग न्याहाळते, त्याचं डोकं मांडीवर घेऊन केस सारखे करते आणि तो जिवंत असल्यासारखी त्याच्याशी बोलते. आपला सहवास सहाच महिन्यांचा, सातव्यात तू गेलास, असा हिशेब ती मांडते. चक्रव्यूहाची सगळी कीर्ती या हिशेबापुढे उणी पडते.

आमच्या खानदेशानेही असा एक तरुण गमावला. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे, जन्म 13 ऑगस्ट 1890. 1907 साली जळगावला कविसंमेलन भरलं, तिथे मिसरूड फुटायच्या वयाच्या या मुलाने कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हणून गौरवलं. पुढे रेव्हरंड टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी ठेवून घेतलं. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त त्या घरातला ठोमरे भेटतो: हळवा, रुसणारा, जीव लावणारा. 5 मे 1918 रोजी जळगाव आणि भुसावळच्या मधल्या भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून तो गेला. अठ्ठाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. केशवसुत 1905 मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी गेले होते, गोविंदाग्रज 1919 च्या जानेवारीत तेहेतिसाव्या. त्याच वर्षी मे महिन्यात टिळकही गेले.

अवेळी मरणापेक्षा अवेळी मिळालेल्या पदवीने बालकवींचं जास्त नुकसान केलं, असं मला वाटतं. ‘श्रावणमास’ आणि ‘फुलराणी’ शाळेत पाठ झाल्या आणि आपण त्यांना कायमचं फुलापाखरांत बसवून टाकलं. ‘पारवा’, ‘खेड्यातील रात्र’ या कविता मोठ्याने वाचून पाहाव्यात. पडक्या, ओसाड जागेची भीती आणि कारण न सापडणारं दुःख तिथे आहे. हे दुःख भोगणारा माणूस बाल नाही. ‘औदुंबर’ तर आठच ओळींची, आणि तिच्या अर्थावर समीक्षक अजून भांडतात. भादलीचा अपघात या कवितांवर मागून लादू नये. त्या अपघाताआधी लिहिल्या गेल्या आणि अपघाताशिवायही तेवढ्याच खोल आहेत.

भादलीपासून जवळच आसोदे. बालकवींच्या आधी दहा वर्षं, 1880 साली, तिथे बहिणाबाई जन्मल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, तिशीत वैधव्य आलं. जात्यावर, शेतात ओव्या सुचत. मुलगा सोपानदेव आणि घरातली माणसं त्या टिपून ठेवत. हयातीत बाहेर कुणाला नाव माहीत नव्हतं. 3 डिसेंबर 1951 रोजी त्या गेल्या; पुढच्या वर्षी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ आली.

वैधव्यावरचं त्यांचं गाणं मी उत्तरेच्या विलापाशेजारी ठेवून वाचतो. उत्तरा नवऱ्याशी बोलते. बहिणाबाई कीव करायला आलेल्या बायकांशी बोलतात: कुंकू गेलं, बांगड्या गेल्या, पण मनगटातली धमक माझीच आहे. मग लेकरं वाढवायची, शेत कसायचं, हे ओघानं येतं, आणि त्याचीही त्या गाणी करतात.